श्वासाचं औषध

कॉफीवालीने कोपरापर्यंत साबणाचा फेस चढवला, नखांच्या कडांमधून ब्रश फिरवला आणि नळाची लांब दांडी कोपरानेच ढकलून दोन्ही हात पाण्याखाली धरले. हात स्वच्छ झाले तरी तिने पुन्हा साबणाकडे कोपर नेलं.

"पुरे गं, कातडं निघून येईल आता," मागे उभी असलेली आई म्हणाली.

"आज काही राहून जायला नको."

"काय राहणार आहे? सरक तिकडे, मलाही धुवायचेत. आज मी आत येणार म्हणजे येणार. त्या फौजदारबाई आडव्या पडल्या तरी येणार."

फौजदारबाई म्हणजे नवजात बाळांच्या कक्षातल्या मोठ्या सिस्टर. हे नाव आईनेच ठेवलं होतं, पहिल्या दिवशी चपलांसकट आत पाऊल टाकल्याबद्दल बोलणी खाल्ल्यानंतर. पण काल संध्याकाळी याच फौजदारबाईंनी कॉफीवालीला दारात थांबवून आपणहून सांगितलं होतं, "उद्या आजींनाही घेऊन या. चार वाजेपर्यंत मशीन वाजलं नाही, तर बाळ घरी."

त्या एका वाक्याने घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आईने उजाडायच्या आत पिशवी भरली, रिकामी केली आणि पुन्हा भरली. विणलेल्या टोप्या दोन घेतल्या, कारण डोकं केवढं झालंय याचा अंदाज नव्हता. निघताना शेजारणीला बातमी सांगून वर "इतक्यात कुणाला बोलू नका" असं बजावलं, आणि रस्ता ओलांडेपर्यंत हीच बातमी आणखी तिघींना सांगितली. कॉफीवालीचेही पाय जमिनीवर ठरत नव्हते. रुग्णालयाचा जिना ती दोन-दोन पायऱ्या घेत चढली आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आई अजून खालीच आहे.

आत गेल्यावर ती सरळ खिडकीजवळच्या पाळण्याकडे वळली. दाणा झोपली होती.

नाव अजून ठेवायचं होतं. दोन महिने आधी जन्माला आलेल्या त्या मुलीला काचेच्या पेटीत पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिचा बाप एवढंच म्हणू शकला होता, "अगं, दाण्याएवढी आहे." तेव्हापासून ती दाणा. आता पेटी सुटली होती, नाकातली नळी निघाली होती, गालांवर थोडं मांस चढलं होतं. उरल्या होत्या छातीला चिकटवलेल्या तीन वायरी आणि पायाला बांधलेला, प्राणवायू मोजणारा एक लाल दिवा. त्या सगळ्या पाळण्याच्या डोक्याशी असलेल्या मॉनिटरला जोडलेल्या होत्या.

दाणा श्वास घ्यायला विसरायची. डॉक्टरांनी अगदी हाच शब्द वापरला होता. लवकर आलेल्या बाळांचा मेंदू अजून कच्चा असतो, झोपेत श्वास घ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहत नाही, आठवण करून दिली की घेतात. ही आठवण करून देण्याची रीत कॉफीवालीने डोळ्यांनी पाहिली होती. छाती थांबायची, ओठ निळसर व्हायचे, मशीन किंचाळायचं, कुणीतरी सिस्टर धावत येऊन तळपायावर टिचकी मारायची आणि दाणा दचकून, जणू कुणी तिला वर्गात डुलकी घेताना पकडलंय अशी, मोठा श्वास घ्यायची. मग तिला रोज सकाळी श्वासाचं औषध द्यायला लागले. हळूहळू मशीन कमी वाजायला लागलं, मग वाजेनासंच झालं. गेल्या आठवड्यात औषध थांबवलं आणि तेव्हापासून सगळे नुसते मशीनकडे कान लावून बसले होते.

कान लावून बसण्याची कॉफीवालीला सवयच होती. नवऱ्याबरोबर ती कॉफी भाजण्याचं दुकान चालवायची. दाणे भाजणाऱ्या ड्रमसमोर उभं राहायचं, आतून पहिली तडतड ऐकू आली की सावध व्हायचं आणि नेमक्या क्षणी झाकण उघडून दाणे गार करायच्या ताटात सोडायचे. हे काम डोळ्यांपेक्षा नाकाचं आणि कानाचं. दिवसभर वाट्या भरून चव घ्यायची, घोट तोंडात घोळवायचा, बराचसा थुंकायचा आणि आवडला तर गिळायचाही. पोट दिसायला लागल्यावर तिने गिळणं कमी केलं होतं, पण भट्टी सोडली नव्हती. कळा सुरू झाल्या तेव्हाही ती ड्रमसमोरच होती. नवरा गाडी काढायला धावला. ही मात्र दाणे ताटात पडेपर्यंत जागची हलली नाही.

"त्या काळ्या पाण्याने केलं हे सगळं," आई रुग्णालयात पोचताच म्हणाली होती. रडत म्हणाली होती, रागाने नव्हे. पण म्हणाली होती. आणि कॉफीवालीने ते वाक्य मुकाट्याने उचलून मनात ठेवून दिलं होतं.

त्या दिवसापासून तिने कॉफीचा थेंब घेतला नाही. डोकं फुटेस्तोवर दुखलं, हात थरथरले, तरी नाही. चहा सोडला, चॉकलेट सोडलं. घरातली सगळी पाकिटं नवऱ्याला दुकानात न्यायला लावली. तो शब्दही घरात कुणी उच्चारेना. नवरा दुकानातून आला, की दारातच शर्ट बदलायचा आणि डोक्यावरून पाणी घेऊनच तिच्याजवळ यायचा. तिच्या दुधात कशाचा अंशसुद्धा उतरायला नको होता. दूध काढून बाटलीत भरताना ती बाटली उजेडात धरून बघायची, जणू त्यात काळं काही तरंगताना दिसेल.

"उठवू नका हं तिला," फौजदारबाई हातमोजे काढत पाळण्याशी आल्या. "आत्ताच पोटभर प्यायलीय. आजी, हात धुतलेत?"

"दोनदा," आई ताठ मानेने म्हणाली.

"नखं दाखवा."

आईने शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही पंजे पुढे केले. फौजदारबाईंनी ते खरंच निरखले आणि स्टूल पुढे सरकवलं. आई बसली. एक बोट तिने हळूच दाण्याच्या मुठीत सरकवलं आणि त्या मुठीने ते घट्ट धरल्यावर तिने वळून लेकीकडे असं काही पाहिलं, की जणू सगळं राज्य तिलाच मिळालंय.

दुपार पुढे सरकत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं कॉफीवालीने ठरवलं होतं आणि म्हणून ती दर थोड्या वेळाने फौजदारबाईंच्या मनगटाकडे बघत होती. मॉनिटरवरची हिरवी रेघ वर चढायची, खाली उतरायची. मधेच ती जरा जास्त वेळ खाली रेंगाळली, की कॉफीवालीचा स्वतःचा श्वास थांबायचा. मग रेघ वर उचलली जायची आणि हिचे खांदे खाली यायचे.

"सिस्टर, एक विचारू? रागावणार नसाल तर," आई म्हणाली.

"विचारा की."

"ते श्वासाचं औषध तुम्ही गेल्या आठवड्यातच थांबवलंत ना? मग पोरीला इतके दिवस उगाच का ठेवून घेतलंत? औषध नाही, पाणी नाही, नुसतं मशीनकडे बघत बसायचं!"

"उगाच नाही, आजी. आपण थांबवलं म्हणून औषध लगेच थोडंच जातं? तुमच्या-माझ्या अंगातून ते काही तासांत उतरायला लागतं. या एवढ्याशा जिवांच्या अंगात मात्र दिवसच्या दिवस मुक्काम ठोकून बसतं. ते पुरतं उतरल्यावरही ही आपली आपण श्वास घेते का, हे बघायचं होतं. आजपर्यंत जे काही होतं ते गेलेलं असेल."

"इतकं चिवट? कसलं म्हणायचं हे औषध?"

"कॅफिन."

कॉफीवाली पिशवीतून दुपटं बाहेर काढत होती. ते अर्धं आत, अर्धं बाहेर असं तिच्या हातात राहिलं.

"काय म्हणालात?"

"कॅफिन. तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या दुकानात पोत्यांनी असेल!"

"कॉफीतलं?"

"तेच. शुद्ध केलेलं, वजनाप्रमाणे मोजून दिलेलं, पण तेच. मेंदूला जागं ठेवतं. श्वास घे, श्वास घे, असं सांगत राहतं. बहुतेक सगळ्या लवकर आलेल्या बाळांना देतो आम्ही."

आईने दाण्याच्या मुठीतलं बोट सोडवलं नाही, पण ती स्टुलावरून जवळजवळ उठली.

"म्हणजे तुम्ही माझ्या नातीला कॉफी पाजत होता?"

"कॉफी नव्हे, आजी. कॅफिन."

"एकूण एकच की! एवढ्याशा पोरीला! ना विचारलंत, ना सांगितलंत!"

"सांगितलंय. पहिल्याच दिवशी बाळाच्या वडिलांना सगळं समजावून सांगितलंय, त्यांचा होकार घेतलाय. आणि आवाज खाली. बाळं झोपलीत."

आई खाली बसली. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही बाहेर पडेना, आणि असा प्रसंग लेकीने आजवर कधी पाहिला नव्हता.

कॉफीवालीला वाटलं रडू येतंय, म्हणून तिने दुपटं तोंडाशी धरलं. पण ते हसू होतं. ती भिंतीकडे वळली, कपाळ भिंतीला टेकवलं आणि खांदे गदगदा हलवत हसत राहिली. इतके आठवडे तिने ज्याचा थेंब या पोरीच्या आसपास फिरकू दिला नव्हता, ते रोज सकाळी मोजून तिच्या पोटात जात होतं. आणि तिला श्वास घ्यायला लावत होतं! हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र लवकर थांबेना.

फौजदारबाईंनी तिला तसंच उभं राहू दिलं. मग जवळ येऊन विचारलं, "तुम्ही किती घेता हल्ली?"

"काहीच नाही. थेंबसुद्धा नाही."

"कुणी सांगितलं थेंबसुद्धा घेऊ नका म्हणून?"

कॉफीवालीने आईकडे पाहिलं. आई दाण्याच्या बोटांची नखं बघण्यात एकदम गढून गेली.

"मी सांगितलं होतं, कमी ठेवा," फौजदारबाई म्हणाल्या. "बाळाला औषध चालू असताना दुधातून आणखी भर नको, एवढ्यासाठी. आई जे पिते, त्यातलं थोडंसंच दुधात उतरतं. दिवसाला दोनेक कपांनी सहसा काही बिघडत नाही. आई दिवसभर कपामागून कप पीत राहिली, तर मात्र बाळात साठत जातं. मग ते चिडचिडं होतं, टक्क जागं राहतं, हातपाय थरथरतात. आणि चहा, कोला, चॉकलेट, सगळं त्यातच धरायचं बरं का. तुमची ही लवकर आलेली आहे, तेव्हा तुम्ही जरा हात आखडताच ठेवा. एक कप घ्या, तो बाळाला पाजून झाल्यावर. पुढच्या पाजण्यापर्यंत बराच उतरलेला असतो. झोप उडाल्यासारखी वाटली तर सोडा. एवढं साधं आहे."

"सिस्टर," कॉफीवाली म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की फौजदारबाईंना वाकावं लागलं. "मग ती लवकर आली, ती माझ्या कॉफीमुळे नाही?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुम्हाला? कारण सापडलं नाही. पुष्कळांचं सापडत नाही. मग आया आपल्या आपणच शोधत बसतात. तुम्ही भट्टीवर उभ्या असायचात, म्हणून कॉफी. शाळेत शिकवत असता, तर खडूला दोष दिला असतात."

एवढं बोलून त्या पलीकडच्या पाळण्याकडे गेल्या. आईने पिशवीतून झबलं काढलं, मोडून पुन्हा घडी घातली आणि तीच घडी पुन्हा मोडली. लेकीकडे तिने पाहिलं नाही.

आणि तेवढ्यात मशीन किंचाळलं.

आईच्या हातून झबलं खाली पडलं. कॉफीवाली दोन ढांगांत पाळण्याशी पोचली. मॉनिटरवरची हिरवी रेघ सपाट झाली होती, वरचा दिवा लाल लाल उघडझाप करत होता. आता पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा ते औषध, पुन्हा तो आठवडा! तिचा हात आपोआप तळपायाकडे गेला, टिचकीसाठी बोट वळलं, आणि तिने दाण्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

दाणा टक्क जागी होती. तिचे ओठ गुलाबी होते. छाती वरखाली होत होती. एवढंच नाही, तर ती मोठ्या मजेत डावा पाय झाडत होती आणि त्या पायाच्या अंगठ्यात एक वायर अडकली होती.

"श्वास चालू आहे!" कॉफीवाली ओरडली. आवाज खाली ठेवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. "सिस्टर, श्वास चालू आहे! बघा, चालू आहे!"

फौजदारबाई तोवर येऊन ठेपल्याच होत्या. त्यांनी आधी छातीवर हात ठेवला, मग ओठ पाहिले, मग पायात अडकलेली वायर. ती वायर उचलून त्यांनी वर धरली. टोकाची चकती सुटून लोंबत होती.

"लाथ मारून काढलीन!" त्या म्हणाल्या, आणि त्या करड्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू फुटलं. "हिला आता वायरींचा कंटाळा आलाय."

"मग हे धरायचं नाही ना?" आईने विचारलं. तिने स्टुलाची कड गच्च धरली होती. "पोरीने मुद्दाम नाही केलं हो. हे धरू नका. हे धरणं बरोबर नाही."

"डॉक्टर बघतील."

डॉक्टर यायला जो वेळ लागला, तो त्या दोघींनी उभ्यानेच काढला. पाळण्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. दाणा आळीपाळीने दोघींकडे बघत होती. चार वाजता वाजता तरणे डॉक्टर आले, ते घाईत होते. त्यांनी मॉनिटरवरची कळ दाबत दाबत मागच्या रेघा पुढे आणल्या, एक रेघ थांबवली, डोळे बारीक करून पाहिली. मग वायरीची सुटलेली चकती पाहिली. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. कॉफीवाली त्यांच्या भुवयांकडे बघत होती. नळी कानांतून काढून त्यांनी ती गळ्यात अडकवली.

"हृदयाचे ठोके, प्राणवायू, सगळं जिथल्या तिथे आहे. ही नुसती वायरच सुटली," ते म्हणाले. "न्या घरी."

आईने तरण्या डॉक्टरांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. डॉक्टर लाजून लाल झाले.

मग एकदम धांदल उडाली. वायरी निघाल्या, पायाचा दिवा निघाला. दोन्ही टोप्या मोठ्या झाल्या. त्यातल्या त्यात जी कमी मोठी होती, ती भुवयांपर्यंत ओढून बसवली. शेजारच्या पाळण्यातल्या बाळाच्या आईने उठून दाण्याकडे पाहिलं, हात जोडले. कॉफीवालीने तिचा खांदा दाबला. दारापर्यंत पोचवायला आलेल्या फौजदारबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "आता परत इथे दिसायचं नाही."

"छे हो," आई म्हणाली, "तुम्हाला भेटायला तर येणारच," आणि ती त्यांच्या गळ्यातच पडली.

खाली फाटकाशी नवरा उभा होता. फोन गेला तेव्हा त्याचा ड्रम चालू होता. दाणे उतरवून तो तसाच निघाला होता. केसांत भाजलेल्या दाण्यांची सालं अडकली होती, शर्टाच्या बाह्या काळवंडल्या होत्या. दाण्याला पाहून तो धावत पुढे आला आणि मधेच, काहीतरी आठवून, थबकला.

"शर्ट बदलायचा राहिला," तो दुरूनच म्हणाला. "घाईत... तू आईंबरोबर मागे बस. मी खिडक्या उघड्या ठेवतो."

कॉफीवालीने दाण्याला आईच्या हातात दिलं. चालत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या शर्टाची पुढची बाजू मुठीत धरली आणि त्यात नाक खुपसलं. भर रस्त्यात. येणारेजाणारे बघत होते. तो हात बाजूला धरून, श्वास रोखून उभा राहिला.

"जास्त भाजलीस," ती शर्टातच म्हणाली.

"घाई झाली ना."

"तुला माहीत होतं."

त्याला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. "पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "कितीदा तोंड उघडलं तुला सांगायला. पण तू माझ्या हातात पाकीट दिलंस, ते असं लांब धरून, मेलेला उंदीर धरावा तसं. मग नाही सांगवलं. म्हटलं, आधी पोर घरी येऊ दे."

तिने मान वर केली. तिला त्याचा राग यायला हवा होता आणि तो थोडासा आलाही. शर्टाला जोरात हिसका देऊन तिने तो राग बाहेर काढला. एक बटण तुटलं.

"चला, पोरीला वारा लागतोय," आई गाडीजवळून ओरडली.

गाडी नवऱ्याने इतकी सावकाश चालवली, की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून पाहिलं. आई प्रत्येक खड्ड्याच्या आधी "खड्डा!" म्हणत होती. कॉफीवाली मागच्या सीटवर दाण्याच्या नाकापुढे बोट धरून बसली होती. प्रत्येक गरम झुळूक बोटाला लागली, की तिला ओरडून सगळ्या रस्त्याला सांगावंसं वाटत होतं.

घरी पोचल्यावर शेजारणी येऊन दारातूनच बघून गेल्या. मग दार बंद झालं, संध्याकाळचा दिवा लागला आणि घर शांत झालं.

ती शांतता तिघांनाही एकदमच जाणवली. कुठे काही वाजत नव्हतं. हिरवी रेघ नव्हती. दाणा पलंगाच्या मधोमध झोपली होती आणि तिच्याकडे बघणाऱ्या सहा डोळ्यांखेरीज दुसरी कोणतीही सोय आता नव्हती. तिने भराभर श्वास घेतले, मग थांबली. तिघंही पुढे वाकली. मग तिने एक मोठा, निवांत श्वास घेतला आणि तिघं मागे टेकली.

"असं चालतं म्हणालेत ते," नवरा म्हणाला. "मधे जरासं थांबलं तर चालतं."

"माहितीये."

"झोप तू थोडी. मी बसतो."

"मला नाही झोपायचं."

"मलाही नाही."

आई उठली. गुडघ्यांवर हात टेकून, कुरकुर करत स्वयंपाकघरात गेली. कपाटाची दारं उघडल्याचा, भांडी सरकवल्याचा आवाज आला. पाणी भरल्याचा आवाज आला. नवऱ्याची दुकानातली पिशवी तिथे ओट्याजवळ लटकत होती. तिच्यात काहीतरी खसखसलं.

आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या एका हातात कॉफीचं पाकीट होतं, दुसऱ्या हातात चमचा. दोन्ही तिने अंगापासून जरा लांबच धरलं होतं.

"किती घालायची असते ही?" तिने विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. कॉफीवाली आईकडे बघत राहिली. आई पाकिटावरचं काहीतरी वाचत असल्यासारखी खाली मान घालून उभी होती. चष्मा तिच्या डोळ्यांवर नव्हता.

"एका कपाला दोन चमचे," कॉफीवाली म्हणाली. "पण उकळायची नाही, आई. पाणी उकळून उतरवायचं, जरा थांबायचं आणि मग..."

"जरा म्हणजे किती?"

"थांब, मी येते."

"तू बस तिथेच," आई म्हणाली. "आधी तिला पाज."

आणि ती वळून आत गेली. कॉफीवालीने दाण्याला अलगद उचललं, छातीशी धरलं. झोपेतच दाण्याचं तोंड शोधत आलं, लागलं, आणि ती प्यायला लागली, मधे मधे नाकाने सूं सूं श्वास घेत. नवऱ्याने पाठीमागे उशी सरकवली. आतून चमचा भांड्यावर आपटल्याचा आवाज आला. मग वास आला, पातळसा, पहिला.

"दोन चमचे लेकीला," आई आत स्वतःशीच म्हणत होती, "दोन जावईबापूंना." चमचा पुन्हा पाकिटात गेला. "आणि एक मला."